अजून आठ

अम्मीची नमाजची खुर्ची आमच्या घरात अजून आहे. निळ्या प्लॅस्टिकची, हात नसलेली, पाठीला बारीक चीर गेलेली. शेवटची तीन वर्षं अम्मी तिच्यावर बसूनच नमाज पढायची. आधी गुडघे गेले, मग साखरेनं उजव्या पायाची दोन बोटं गेली, मग गुडघ्याखालून पाय गेला आणि २०१७ साली अम्मीच गेली. खुर्ची कुणी टाकून दिली नाही, कुणी वापरलीही नाही. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, घड्या घालायचे राहिलेले कपडे अंगावर घेऊन ती उभी असायची.

२०२२ च्या ऑक्टोबरात एका दुपारी मी शाळेतून आले. जोहरची वेळ निघून चालली होती आणि डावा गुडघा सकाळपासून ठणकत होता. मी खुर्चीवरचे कपडे पलंगावर टाकले, खुर्ची किबल्याकडे ओढली आणि बसून नमाज पढले. सलाम फेरला तर दारात लेक उभी. सतरा वर्षांची. म्हणाली, "अम्मी, तुम भी खुर्सी पे?"

एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते.

खुर्चीवर नमाज पढण्यात गैर काही नाही. ज्याला उभं राहता येत नाही त्यानं बसून पढावी, बसताही येत नाही त्यानं आडवं होऊन, अशी सवलत दीनमध्ये आहे आणि ती रहमत आहे. पण ती सवलत मला खरंच लागत होती का, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मागे लागला. नवरा मशिदीतून येऊन सांगतो, पूर्वी सफेच्या टोकाला एखादी खुर्ची असायची, आता दोन्ही टोकांना पाच-सहा असतात आणि त्यांच्यावर बसलेले सगळेच म्हातारे नसतात.

त्याच आठवड्यात रक्त तपासलं. एचबीए१सी ६.३ आला. ज्यांच्या घरात साखर अजून आलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी कशी होती ते हा आकडा सांगतो. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह आणि मधला जो पट्टा आहे तो उंबरठा. डॉक्टर म्हणाले, "बाई, उंबरठ्यावर आहात. इथून मागं फिरता येतं. आत गेलात की मग नुसतं सांभाळत बसायचं."

पुढच्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे आले. देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आणि उंबरठ्यावरचे १३ कोटींहून जास्त. म्हणजे मी काही एकटी नव्हते, चांगली गर्दी होती तिथं. पण अम्मीच्या पायाचं ड्रेसिंग मी माझ्या हातानं केलेलं आहे. तो वास कुठल्या पाहणीत येत नाही.

आमच्या घरात व्यायाम हा शब्द पुरुषांचा. माझा आजा तालमीत जायचा. कोल्हापूर आहे हे, इथं पेठेपेठेत तालीम. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागेचं मैदान बांधलं, आणि मुसलमान पैलवान त्या मातीत हिंदू पैलवानांच्या बरोबरीनं लोळले. अनेक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमला पंजेही बसतात. आजा सांगायचा, लाल मातीत हळद, ताक, तेल घालून ती कशी मुरवायची, पहाटे चारला वस्ताद जोर काढायला लावायचा तेव्हा पन्नास पोरं एका सुरात कशी मोजायची. थांबलं की पाठीवर वस्तादाची थाप. "एकट्यानं पाच निघायचे नाहीत तिथं पन्नास निघायचे," असं तो म्हणायचा, आणि आम्ही मुली ते ऐकत बदाम सोलायचो. थंडाई त्याची, सालं आमची.

बायकांच्या व्यायामाचा विषय निघाला की अम्मी म्हणायची, घरातलं काम काय कमी आहे? आयुष्यभर पाणी भरलं, फरशी पुसली, सहा माणसांच्या भाकरी थापल्या. हा युक्तिवाद मीसुद्धा पुष्कळ वर्षं चालवला. तो अर्धाच खरा आहे. काम थकवतं, पण दम लागेपर्यंत सलग फारसं होत नाही, आणि ठरावीक स्नायू झिजवतं, बाकीचे झोपलेले ठेवतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्यातून किमान १५० मिनिटं बऱ्यापैकी दम लागेल असा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला सांगते, ते उगाच नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते आपले स्नायू, त्यातही मांड्यांचे मोठे स्नायू. आणि काम करणारा स्नायू साखर ओढतो तेव्हा तो इन्सुलिनच्या भरवशावरही फारसा राहत नाही. हे मला कळलं तेव्हा वाटलं, अम्मीला कुणी इतक्या सोप्या भाषेत सांगितलं असतं तर? तिला सगळ्यांनी फक्त गोड खाऊ नका सांगितलं. ती गोड खातच नव्हती. ती बसून होती.

मग मी एकटीनं सुरुवात केली. रंकाळ्याला चार दिवस फिरले. पाचव्या दिवशी पाऊस आला आणि सहाव्या दिवशी पाऊस नसतानाही मला तो आठवला. मोबाईलवर व्हिडिओ लावून खोलीचं दार आतून बंद करून उड्या मारल्या, तर खालच्या मजल्यावरच्या चाची वर आल्या, काही पडलं का विचारायला. धाकट्या दिरानं त्याची पायपट्टीची मशीन आणून दिली. तिच्यावर आजही आमचे टॉवेल फार छान वाळतात. महिन्याभरात मला माझ्याबद्दल एक गोष्ट नीट कळली, ती अशी की माझ्याशी वाटाघाटी करणारं माझ्याइतकं हुशार दुसरं कुणी नाही. आज गुडघा दुखतोय. आज पेपर तपासायचेत. आज जुम्मा आहे.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी क्लासचं सांगितलं. घरापासून दहा मिनिटांवर एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल, सकाळी सव्वासहा ते सव्वासात, सोमवार ते शुक्रवार, फक्त बायका, महिन्याला सातशे रुपये. पहिल्या दिवशी मी जिन्यात पाच मिनिटं उभी होते. वरून स्पीकरचा धमधमाट येत होता. बुरखा मी घालत नाही, पण डोक्यावर ओढणी असते आणि सलवार-कमीज. आत बावीस बायका ट्रॅक पँट आणि टी-शर्टमध्ये असणार, त्यांच्या बावीस माना वळणार, हे मी जिन्यातच पाहून घेतलं होतं.

तीन माना वळल्या. बाकीच्यांना स्वतःच्या दमातून सवड नव्हती.

आमची ट्रेनर बत्तीस-तेहेतीस वर्षांची, एके काळी खो-खो खेळलेली. मला मागच्या रांगेत उभं केलं आणि पहिल्या विश्रांतीत जवळ येऊन हळूच म्हणाली, "ओढणी पायात येईल बघा, पडाल. उद्या टोपीसारखा बसतो तो स्कार्फ आणा. आणि वरनं लांब टी-शर्ट चालंल." ओढणी काढा असं ती म्हणाली नाही. तिला माझ्या डोक्याशी देणंघेणं नव्हतं, माझ्या पायांशी होतं. आजवर माझ्या ओढणीवर आपलं आणि परकं अशा पुष्कळांनी मतं दिली आहेत. पायात येईल हे मत पहिल्यांदाच ऐकलं.

पहिले पंधरा दिवस मी सगळ्यांची 'भाभी' होते. कोल्हापुरात मुसलमान बाई दिसली की तिला भाभी म्हणायची पद्धत आहे. त्यात वाईट हेतू नसतो, पण त्या हॉलमध्ये काकू होत्या, ताई होत्या, वहिनी होत्या, एक आक्का होत्या, आणि भाभी मी एकटी होते. तिसऱ्या आठवड्यात एका वहिनींच्या मुलाच्या शुद्धलेखनावरून विषय निघाला आणि मी मराठी शिकवते हे कळलं. तेव्हापासून मी 'बाई' झाले. कुणी ठरवून केलं नाही. आक्का मात्र अजून भाभीच म्हणतात. त्या अडुसष्ट वर्षांच्या आहेत, त्यांना कुणी सुधारायला जात नाही.

आता त्या क्लासमध्ये मला जे सापडलं ते सांगते. तिथला व्यायाम काही निराळा नव्हता. उठाबशा, हात वर, पाय मागे, मग गाण्यावर वीस मिनिटं, मग चटईवर पोटाचे आणि शेवटी प्लँक. हे सगळं मोबाईलवर फुकट मिळतं. निराळी होती ती मोजणी. आमची ट्रेनर स्वतः फार कमी मोजते. आठ-आठची एक ओळ एकेका बाईकडे येते. तुमची पाळी आली की एक ते आठ तुम्ही मोठ्यानं मोजायचं, बाकीच्यांनी करायचं, मग आठ संपले की शेजारणीकडे. आणि सगळ्या थकल्या, कुणाची तरी कंबर खाली जायला लागली, की ट्रेनर नेमकी त्याच बाईकडे बघून म्हणते, "अजून आठ. मोजणी तुमची." झालं. जिला थांबायचंय तिनंच मोजायचं. सहावर थांबली तर बावीसजणी सहावर अडकतात, पाय हवेत ठेवून.

मी पहिल्यांदा अडकवलं ते चौथ्या दिवशी. सहा म्हटलं आणि आवाजच येईना. दोन सेकंद असतील. मग पुढच्या रांगेतून आक्कांचा आवाज आला, "भाभी, सात म्हणा की, पाय आखडला." मी सात म्हटलं. आठ सगळ्यांनी मिळून म्हटलं. त्या दिवशी घरी जाताना मी जिना न थांबता उतरले आणि रस्त्यात मला एकटीलाच हसू येत होतं.

मागाहून वाचलं की ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका जर्मन मानसशास्त्रज्ञानं तपासून ठेवली आहे. ओटो कोलर त्यांचं नाव. १९२० च्या दशकात त्यांनी बर्लिनच्या एका रोइंग क्लबमधल्या खेळाडूंना वजन उचलत राहायला लावलं, आधी एकेकट्यानं, मग मिळून एकच दांडा धरून, असं की एकानं सोडलं तर दुसऱ्याला पेलणार नाही. त्यात जो कमी ताकदीचा, तो जोडीत जास्त वेळ टिकला. मात्र दोघांच्या ताकदीत फरक थोडाच असेल तेव्हा. फारच मोठा फरक असेल तर कमजोर आधीच हाय खातो, काहीच फरक नसेल तर कुणाला ओढ नाही. म्हणून तर मला मोबाईलवरची ती सडपातळ परदेशी बाई उपयोगाची नव्हती. मला अडुसष्ट वर्षांच्या आक्का पाहिजे होत्या, ज्यांचा पाय माझ्याहून दोन इंच वर जातो.

पण मला कोलरसाहेबांच्याही आधी आठवली ती जमात. एकट्यानं पढलेल्या नमाजपेक्षा जमातीनं पढलेल्या नमाजचा सवाब सत्तावीस पट, हे आपण लहानपणापासून ऐकतो. खांद्याला खांदा लावा, सफ सरळ करा, मध्ये फट ठेवू नका. मी हे हजारदा ऐकलं, पण आमच्याकडे बायका घरात पढतात. सफ म्हणजे काय हे मला ईदगाहच्या फोटोवरून माहीत. शेजारचं माणूस वाकतं म्हणून आपण वाकतो, ते उठतं म्हणून उठतो, मन कुठे भटकत असलं तरी अंग ओळीत राहतं, आणि बऱ्याचदा अंगाच्या मागोमाग मनही परत येतं, हे माझ्या अंगाला पहिल्यांदा कळलं ते मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. कुणी मला लिहायच्या आधीच सांगते, मी इबादतीची तुलना झुंबाशी करत नाहीये. इबादत इबादत आहे. पण ज्यानं माणूस घडवला त्याला माणसाचा आळस ठाऊक असणारच, आणि त्यावरचं औषध त्यानं दिवसातून पाच वेळा सांगितलं, यात मला नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं की त्यातला अर्धा समाज आपण घरी बसवला.

नणंदेला मात्र हे पटलेलं नाही. "वहाँ नाचते बोलके सुनी मैं," ती म्हणाली. मी म्हटलं, नाचतात. वीस मिनिटं. मग मी माझ्या परीनं मोठा पुरावा काढला. हजरत आयेशांबरोबर रसूलल्लाह धावण्याची शर्यत लावायचे, एकदा त्या जिंकल्या, पुढे अंग भरल्यावर रसूलल्लाह जिंकले आणि हसून म्हणाले की मागची फिटली, ही हदीस अबू दाऊदमध्ये आहे. नणंद ऐकून घेऊन म्हणाली, "वो दोनो मियाँबीवी थे भाभी, और वहाँ स्पीकर नहीं था." या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. गाण्यांचं माझं मला खटकतं तेव्हा मी मोजणीकडे लक्ष देते. आमच्यात या बाबतीत दोन मतं आहेत आणि ज्यांचं दुसरं आहे त्यांना मी कमी लेखत नाही. नवरा यात पडला नाही. तो फक्त म्हणाला, "दूध मी आणीन," आणि तेव्हापासून आणतो. एखाद्याच्या प्रोत्साहनाची किंमत काढायची तर मी भाषणात काढत नाही, दुधात काढते.

हिवाळ्यात फजर आणि क्लास यांच्यामध्ये जेमतेम वीस मिनिटं उरतात. जानमाज घडी करायची, स्कार्फ बदलायचा आणि पळायचं. लग्नसराईत हॉलमध्ये आदल्या रात्रीचा झेंडू पडलेला असतो, खालून आचाऱ्याच्या फोडणीचा वास येतो, आणि त्या वासात पोटाचे व्यायाम करणं यासारखी नफ्सची परीक्षा नाही. क्लासमध्ये वजनकाटा नाही. कुणाचं किती उतरलं हे विचारायचं नाही, हा तिथला एकमेव नियम. एका ताईंना गर्भाशय काढल्यानंतर सहा महिने नीट वाकता येत नव्हतं, एकीचा नवरा करोनात गेलेला, एक फक्त यासाठी येते की घरात तिला हा एक तास कुणी हाक मारू शकत नाही. हे सगळं कुणी गोल करून बसून सांगितलेलं नाही. चटया गुंडाळताना तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं.

२०२३ च्या मार्चअखेर रमजान लागला. मी ट्रेनरला म्हटलं, महिनाभर येत नाही. ती म्हणाली, "व्यायाम करू नका, पण या. बसून मोजा." मला हसू आलं, पण गेले. आठवड्यातून दोन दिवस, सहरी करून, फजर पढून. भिंतीशी लग्नाची एक खुर्ची टाकून बसायचे आणि सगळ्यांच्या वाटणीचं मोजायचे. तहानेला अजून दिवस बाकी असायचा, आवाज खणखणीत असायचा. वर्गात पस्तीस वर्षांच्या पोरांना पाढे म्हणायला लावावेत तसं त्या बायकांना मी झोडपून काढलं. आक्का म्हणाल्या, "भाभी उपाशी असल्या की लई कडक हुतात." ईदला मी पातेलंभर शीरखुर्मा नेला. बदाम, खारीक, दूध, साखर. म्हणजे बावीस बायकांचा महिन्याचा व्यायाम मी सव्वा तासात बुडवला.

मग जून आला.

कोल्हापूरचे आणि आसपासचे वाचक ती तारीख विसरले नसतील. ७ जून २०२३, बुधवार. काही पोरांच्या मोबाईलवरच्या स्टेटसवरून आदल्या दिवसापासून शहर तापलं होतं, त्या दिवशी बंद होता, मग दगड, काचा, लाठ्या, अश्रुधूर आणि इंटरनेट बंद. आम्ही दाराला आतून कडी लावून बसलो होतो. शाळा सुरू व्हायला अजून आठवडा होता ते बरं झालं. लेक खिडकीशी जाऊ नये म्हणून मी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि तिच्या हातात लसूण दिला सोलायला. तिच्या वयाची असताना मी बदाम सोलायचे.

इंटरनेट परत आलं तेव्हा क्लासच्या ग्रुपवर बंदच्या आदल्या रात्रीचा एक संदेश होता, पुढे ढकललेला. त्यात 'यांना' काय धडा शिकवला पाहिजे ते लिहिलं होतं. पाठवणारी माझ्याच रांगेतली, माझ्या डाव्या हाताची. सहा महिने आम्ही एकमेकींच्या शेजारी घाम गाळलेला. त्या संदेशाखाली कुणी काही लिहिलं नव्हतं, अंगठाही नव्हता, विरोधही नव्हता. त्याखाली थेट ट्रेनरचं, "क्लास शुक्रवारपर्यंत बंद."

सोमवारी क्लास सुरू झाला. मी गेले नाही. मंगळवारी गेले नाही. मला खरं तर भीती वाटत नव्हती. मला त्या शेजारणीचा चेहरा कसा असेल ते बघायचं नव्हतं. आणि त्याहून जास्त, माझा चेहरा तिला दिसू द्यायचा नव्हता. गुडघा लगेच ठणकायला लागला. वाटाघाटींना तो नेहमी तयारच असतो.

शनिवारी ट्रेनरचा फोन आला. मला वाटलं आता ती म्हणेल, आम्ही तसे नाही हो बाई, सगळे आपलेच. ते ऐकण्याची माझी तयारी नव्हती, कारण त्यावर मला 'हो हो, माहितीय ना' म्हणावं लागतं आणि मग समोरच्याचं समाधान करण्याचं कामही माझ्याच अंगावर पडतं. ती तसं काही बोलली नाही. म्हणाली, "बाई, मागची रांग अडकतीय. तुमच्यापाशी आली की मोजणी तुटतीया. सोमवारी येताय न्हवं?" मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, "बघू नका, या." आणि ठेवला.

सोमवारी, १९ जूनला मी गेले. शाळा सुरू झाली होती, तरी पहाटे उठून गेले. माझी जागा रिकामी होती. कुणी सरकून घेतली नव्हती. डाव्या हाताची शेजारीण तिच्या जागेवर होती. तिनं बघितलं, मी बघितलं, स्पीकर सुरू झाला. उठाबशांची मोजणी फिरत फिरत तिच्याकडे आली, तिनं एक ते आठ मोजले, आणि पुढची पाळी माझी. मध्ये एक क्षण असतो, एकीचा आठ आणि दुसरीचा एक यांच्यामध्ये, तेव्हा सवयीनं शेजारणीकडे बघायचं असतं. तिनं बघितलं नाही. मी मोजायला लागले. पाचला माझा आवाज कापला, दमानं नव्हे. पुढून आक्का ओरडल्या, "भाभी, मोठ्यानं!" मी मोठ्यानं सहा म्हटलं.

तिनं तो संदेश पुसून टाकला होता, कधी ते मला दिसलं नाही. त्याबद्दल ती माझ्याशी बोललेली नाही. मी विचारलं नाही. काही दिवसांनी प्लँकमध्ये माझी कंबर खाली जात होती तेव्हा तिनं डाव्या हातानं हळूच माझ्या पाठीला वर ढकललं, जसं आधी ढकलायची. मी याला सलोखा म्हणणार नाही. तसल्या गोष्टी जाहीर सभेत सांगायला बऱ्या. माझ्या मनातून तो संदेश पुसला गेलेला नाही आणि तिच्या मनात काय आहे ते तिचं तिला. पण पाठीला लागलेला तो हातही खोटा नव्हता. दोन्ही खरं धरून त्या ओळीत उभं राहायला मला त्या वर्षी शिकावं लागलं आणि ते उठाबशांपेक्षा जड गेलं.

त्याच २९ जूनला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एका दिवशी आल्या. राज्यात अनेक गावांत आपल्या लोकांनी त्या दिवशीची कुर्बानी पुढे ढकलली. आम्हीही दुसऱ्या दिवशी केली. क्लासला गुरुवारी सुट्टी होती. आदल्या दिवशी चटया गुंडाळताना अर्ध्या बायका साबुदाणा भिजवण्याचं बोलत होत्या. कुणीतरी म्हणालं, उद्या बाईंचंही आहे ना. आहे, मी म्हटलं.

सप्टेंबरात पुन्हा रक्त तपासलं. ५.९. डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. जेवणही बदललं होतं, दावतीला आता मी आधी कांदा-काकडी खाते आणि बिर्याणी एकदाच घेते, तेव्हा सगळं श्रेय क्लासला देणं बरोबर नाही. अमेरिकेत उंबरठ्यावरच्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला होता, २००२ साली त्याचा निकाल आला. थोडं वजन कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, एवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. गोळीपेक्षा जास्त. डॉक्टरांनी विचारलं, काय करता? मी म्हटलं, मोजते.

आता क्लासमध्ये आम्ही मुसलमान तिघी आहोत. एक आमच्याच गल्लीतली, बुरख्यात येते, जिन्याच्या वरच्या पायरीवर तो काढून खुंटीला लावते. नणंद येत नाही. मात्र मागच्या ईदला स्वयंपाकघरात कुणी नाही असं बघून तिनं विचारलं, कंबरेसाठी तुमच्या क्लासमध्ये काय करतात? मी ओट्याला धरून दोन प्रकार दाखवले. स्पीकर नव्हता.

डावा गुडघा अजून वाजतो. सजद्यातून उठताना काही दिवस हात टेकावा लागतो, काही दिवस लागत नाही. अम्मीची खुर्ची तिच्या कोपऱ्यात आहे, कपडे अंगावर घेऊन. तापात, फार थकवा असेल तेव्हा मी ती ओढून घेते आणि बसून पढते, आणि लेक दारात आली तरी आता काही वाटत नाही. तिचं कॉलेज सुरू आहे, ती सात वाजता उठते आणि व्यायामाचं नाव काढलं की सांगते की दिवसभर काम काय कमी असतं.

लिहिता लिहिता साडेदहा वाजले. उद्या प्लँकची पहिली मोजणी माझ्याकडे आहे आणि सहाच्या आत फजर आटपायची आहे.